जितके पट्टे तितकी माणसं

आमच्या कुटुंबात पहिली गाडी आली ती काकांची. साल १९८२. पांढरी प्रीमिअर पद्मिनी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी फियाट, एका डॉक्टरांनी पाच-सहा वर्षं वापरून विकलेली. नवी घ्यायची तर पैसे भरून नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, अशी तेव्हाची रीत होती. घरच्या वापरासाठी रस्त्यावर दिसायच्या त्या गाड्या मुख्यतः दोनच, एक ॲम्बेसेडर आणि एक फियाट. मारुती ८०० यायची होती, ती डिसेंबर १९८३ मध्ये आली. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत काकांची गाडी ही एकुलती एक चारचाकी.

काकांची म्हणायची इतकंच. रात्री कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाच्या मुलीचं लग्न निघालं, कुणाच्या वडिलांना दम लागला, की आमचं दार वाजायचं. काका शर्ट चढवून, किल्ली घेऊन खाली उतरायचे. ‘गाडी आहे तर लोकांच्या उपयोगी पडायला नको का?’ असं काकू म्हणायची, आणि हे म्हणताना तिच्या बोलण्यात उपकाराचा लवलेश नसे. ज्या घरात तीन भावांचा संसार एका पगारातून दुसऱ्या पगारापर्यंत ओढत न्यायचा, तिथे गाडी एकट्याची असूच शकत नव्हती.

म्हणून गाडीत माणसं किती बसतात, हा प्रश्नच कधी निघाला नाही. प्रश्न असायचा तो कोण कोण यायचंय हा. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असायचा आणि पुढची सीट बाकासारखी सलग असे. त्यामुळे पुढे काका, आजोबा आणि मधे काकू, काकूच्या मांडीवर धाकटा. मागे आई, आत्या, आजी, बाबा. उरलेली आम्ही मुलं मोठ्यांमधल्या फटींत. एक आजीच्या पायाशी, एक दाराला टेकून आईच्या अर्ध्या मांडीवर, आणि एक दोन्ही सीटच्या मधे उभा. ही उभं राहायची जागा सगळ्यांत मानाची. तिथून समोरची काच दिसायची, काकांचे हात दिसायचे. गणपतीला गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी निघताना, अगदी शेवटच्या क्षणी, शेजारची कुणी पिशवी घेऊन यायची. चिपळूणपर्यंत सोडाल का, म्हणायची. आणि आजी आत सरकून म्हणायची, ‘जागा करा रे.’ जागा व्हायची. ‘जागा नाही’ हे उत्तर देणं आमच्या घरात असभ्यपणाचं होतं.

हे मी आधी सांगतेय, कारण त्या काळच्या मोटारीच्या सवयींबद्दल बोलताना बेफिकिरी हा एकच शब्द वापरला जातो. बेफिकिरी होती. पण तिच्या मुळाशी काय होतं तेही बघायला हवं. कुणाला मागे ठेवायचं नाही, या संस्कारातून ती गर्दी झाली होती. आणि मूल म्हणजे मोठ्यांच्या मधल्या फटीत आपोआप मावणारी वस्तू, ही समजूत गाडीपुरती नव्हतीच. घरात मुलांना खोली नव्हती, वेगळा पलंग नव्हता, लग्नाच्या पंगतीत वेगळं ताट नव्हतं. मग गाडीत वेगळी सीट कुठून असणार?

त्या प्रवासात आम्हाला सीट नव्हती, पण कामं होती.

डोंबिवलीहून पहाटे निघायचं. पनवेल, पळस्पे, कर्नाळा, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर, मग कशेडीचा घाट, खेड, परशुराम घाट आणि चिपळूण. ही यादी मला कुणी शिकवली नाही. पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड मोठ्याने वाचायचं काम आम्हा मुलांकडे होतं. कोकणातला मुलगा वजाबाकी शाळेत शिकतो तशी आम्ही हायवेवर शिकलो. महाड किती राहिलं, आत्ता किती वाजले, म्हणजे जेवायला कुठे थांबायचं, याचा हिशेब काका आम्हाला विचारायचे, आणि उत्तर चुकलं तर शांतपणे परत करायला लावायचे. रस्ता चुकल्यासारखं वाटलं तर खिडकीतून डोकं काढून पानवाल्याला विचारायचं कामही मुलांचं. ‘अहो काका, खेडला हाच रस्ता ना?’ अनोळखी मोठ्या माणसाशी नीट बोलायला मी शिकले ती त्या खिडकीतून.

घाटात गाडी तापायची. बॉनेट उघडलं की वाफेचा लोट. मग एकाने पाण्याचा कॅन घेऊन झऱ्यापाशी जायचं, दुसऱ्याने पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनातल्या छोट्या पंपावर, टाकायचा फडका ओला करून आणायचा, कारण मे महिन्यात पेट्रोलची वाफ होऊन इंजिन बंद पडायचं. आणि तिसऱ्याने मागच्या चाकाखाली दगड लावायचा. हँडब्रेकवर काकांचा विश्वास नव्हता. चढावर उभ्या असलेल्या, माणसांनी आणि सामानाने भरलेल्या गाडीच्या मागे वाकून एक आठ-नऊ वर्षांचं पोर दगड सरकवतंय, हे चित्र आज डोळ्यांपुढे आणलं की माझ्या पोटात कालवतं. त्या वेळी दगड नीट बसला की काका म्हणायचे, ‘शाब्बास, आता गाडी तुझ्या भरवशावर.’ तेवढ्या एका वाक्यावर पुढचा घाट छाती भरून जायचा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसता येत नाही.

शिवाय कानावर पडणारं बोलणं. आपल्याला वेगळी सीट नसते तेव्हा आपण मोठ्यांच्या बोलण्याच्या मधोमध असतो. जमिनीची वाटणी कशी अडली, आत्याचं सासर कसं आहे, गिरणीचा संप लांबला म्हणून धाकट्या मामाच्या घरी काय चाललंय, हे सगळं मी प्रवासातच ऐकलं. काही ऐकायला नको होतं असंही ऐकलं. पण आपलं घर कशावर उभं आहे याची कल्पना त्या सहा-सात तासांत यायची, ती घरी कधी आली नाही.

गाडी लागायची. सगळ्यांना नाही, पण मला आणि माझ्या भावाला हमखास. आजीच्या पिशवीत आलेपाक, आवळासुपारी, कापलेलं लिंबू आणि जुने रुमाल असायचे. तिचा एकच मंत्र होता, ‘खाली बघू नकोस, लांब समोर बघ.’ कान सांगतो शरीर हलतंय आणि डोळे सांगतात समोरचं स्थिर आहे, या भांडणातून मळमळ होते, हे मी पुढे वाचलं. आजीने वाचलं नव्हतं, पण ती आम्हाला मांडीवरून उचलून मधल्या फटीत उभं करायची ते याचसाठी. त्या मधल्या जागेचं काय करायचं, याचा निर्णय मात्र नागोठण्याच्या पुढे एका म्हशीने केला.

१९८५ सालचा मे. माझी चुलत बहीण, ताई, तेव्हा तेरा वर्षांची. ती मधे उभी होती, दोन्ही हात पुढच्या सीटवर. म्हैस झुडपातून एकदम रस्त्यावर आली आणि काकांनी ब्रेक मारला. वेग फार नव्हता, त्या रस्त्यावर त्या गाडीचा तो असायचाच नाही. म्हैस वाचली. ताई पुढच्या सीटवरून फेकली गेली आणि तिची हनुवटी डॅशबोर्डच्या कडेवर आपटली. काकूच्या पांढऱ्या साडीवर रक्ताचे ओघळ मला आजही दिसतात. कोलाडच्या अलीकडे एका डॉक्टरांकडे टाके घातले, आणि तासाभरात आम्ही पुन्हा वाटेला लागलो. ताई आजीच्या मांडीवर, तोंडाला रुमाल.

ही गोष्ट आमच्या घरात पुढे चाळीस वर्षं हसत सांगितली गेली. म्हशीची नक्कल व्हायची. ताई लग्न होऊन गेली तेव्हा तिच्या हनुवटीवरची खूण दाखवून जावयाला ती ऐकवली गेली. गोष्टी हसून सांगितल्या की त्या घरात मावतात, हे मला समजतं. पण काही वर्षांपूर्वी, काकू जाण्याच्या आधी, ती गोष्ट पुन्हा निघाली तेव्हा ती म्हणाली, ‘तुम्ही सगळे हसता. मी कधी हसले नाही. धाकटा माझ्या मांडीवर होता. मी दोन्ही हातांनी धरला होता, तरी तो माझ्या हातातून निसटलाच होता. डॅशबोर्डला आपटायचा तो माझ्या पोटावर अडला, एवढंच.’

इतक्या वर्षांत हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मी मग ते गणित करून बघितलं. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने कशाला तरी धडकली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोच्या बाळाला जागच्या जागी धरून ठेवायला साधारण १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. कुठल्याच आईच्या हातात ती नसते. ‘मी धरलंय ना त्याला’ हे वाक्य आपण सगळ्यांनी म्हटलेलं आहे, आणि ते प्रेमाने म्हटलेलं आहे. पण ते वाक्य ब्रेकपुरतं खरं, धडकेपुरतं नाही. ब्रेकमध्येसुद्धा काकूचे हात सुटले होते.

या सगळ्याच्या कितीतरी आधी जगात उत्तर तयार होतं. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९ मध्ये प्रत्यक्ष गाडीत आणला, आणि कंपनीने त्याचं पेटंट इतर सगळ्यांना खुलं ठेवलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये पट्टा सक्तीचा केला. अमेरिकेतल्या टेनेसीने १९७८ पासून लहान मुलांसाठी गाडीत खास सीट बंधनकारक केली, आणि १९८५ पर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांत तसा कायदा झाला. म्हणजे ज्या वर्षी ताईला नागोठण्याच्या पुढे टाके पडले, त्याच वर्षी. आपल्याकडे नव्या गाड्यांच्या पुढच्या सीटला पट्टे असलेच पाहिजेत हे १९९४ मध्ये ठरलं, मागच्या सीटचं त्यानंतर आणखी काही वर्षांनी. काकांच्या गाडीत पट्टाच नव्हता, त्यामुळे लावायचा की नाही हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलाच नाही. त्यांना दोष देणं मला पटत नाही. आमच्या आधीच्या पिढीने मुलांची काळजी केली नाही असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. त्यांनी त्यांना दिसणाऱ्या धोक्यांची काळजी केली. गोवर, देवी, विहीर, साप, उघडं पडलेलं डोकं, उन्हात बाहेर गेलेलं पोर.

जे दिसत नव्हतं ते पुष्कळ होतं. पावसात काचा वर करून बाबा आणि काका सिगरेट ओढायचे आणि आम्ही मागे. पेट्रोल भरताना तो वास आम्हाला आवडायचा म्हणून आम्ही मुद्दाम खाली उतरायचो. त्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते देशभरातून बंद झालं २००० साली.

आणि गाडी तरी किती जणांकडे होती! आमच्या पिढीचं खरं वाहन स्कूटर. बाबा चालवताहेत, पुढे पाय ठेवायच्या जागी उभा मुलगा, हात हँडलच्या मधोमध, मागे आई एका बाजूला पाय सोडून आणि तिच्या कडेवर बाळ. या दृश्याला महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात कुणी वळून बघितलं नाही. शाळेची रिक्षा म्हणजे आत दोन फळ्या टाकून बसवलेली दहा-बारा मुलं आणि बाहेर हुकांना लटकलेली दप्तरं. मे महिन्यात मामाकडे जायचं तर मला आणि भावाला ठाण्याच्या डेपोत एसटीत बसवून बाबा कंडक्टरला सांगायचे, ‘चिपळूणला मामा येतील, तेवढं लक्ष असू द्या.’ कंडक्टर मान हलवायचा आणि खरंच लक्ष ठेवायचा. महाडला उतरवून चहा-बिस्किट द्यायचा. मुलाची जबाबदारी सगळ्यांची, ही त्या काळची रीत. आज माझी भाचेसून तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला सोसायटीच्या फाटकापलीकडे एकटी सोडत नाही. तिला मी घाबरट म्हणणार नाही. त्या फाटकापलीकडचा रस्ता माझ्या लहानपणचा रस्ता नाही. तिथे तेव्हा सायकली होत्या, आता दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या गाड्यांमधून जो उरतो त्या पट्ट्यातून टँकर जातो. आम्ही प्रत्येकाने गाडी घेतली आणि त्या गाड्यांमुळे मुलांचा रस्ता गेला. मग मुलांना शाळेत सोडायला आणखी एक गाडी निघाली. शाळा सुटायच्या वेळी कुठल्याही शाळेच्या दाराशी उभं राहिलं की हे चक्र दिसतं.

नियम आले, हळूहळू. २०११ मध्ये राज्याने स्कूलबससाठी वेगळे नियम केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात स्पष्ट शब्दांत आलं की चौदा वर्षांखालचं मूल गाडीत पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटमध्ये सुरक्षित बांधलेलं असलं पाहिजे, नाहीतर १००० रुपये दंड. त्याच दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि २५,००० रुपये दंड ठेवला. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, वेग ताशी ४० च्या वर नको, असा नियम २०२२ मध्ये जाहीर झाला. तो पाळणारी दुचाकी मला अजून क्वचितच दिसते. पुण्यात तर हेल्मेटसक्ती म्हटली की मोर्चे निघत आले आहेत. नियमाने सवय लागते ती फार वर्षांनी.

सवय न लागण्याचं एक कारण म्हणजे ते नेहमीचं वाक्य. ‘आम्ही नाही का असेच मोठे झालो?’ हो, झालो. हे वाक्य म्हणायला जे आहेत ते झाले. आमच्या शाळेतली एक मुलगी सातवीनंतरच्या सुट्टीत वडिलांच्या स्कूटरवरून जाताना गेली. तिचं बाक काही दिवस रिकामं होतं, मग बाईंनी दुसरी मुलगी बसवली. ‘आम्ही असेच मोठे झालो’ म्हणणाऱ्यांच्या गप्पांत ती नसते. केंद्र सरकारच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत अठरा वर्षांखालची ९,५२८ मुलं होती. पट्टा न लावता गेलेले १६,७१५, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे, ८,३३१, चालवणारे नव्हते, नुसते बसलेले होते. मागची सीट म्हणजे सुरक्षित, हा आपला समज किती खोल आहे! ३ जून २०१४ च्या सकाळी दिल्लीत, शहरातल्या रस्त्यावर, गोपीनाथ मुंडे गेले ते मागच्या सीटवर होते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्या सीटवर, पट्ट्याविना. गाडी उत्तम होती, रस्ता मोठा होता. त्यानंतर दोन महिन्यांत मुंबईत मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा झाला.

तरी मला वाटतं, पट्टा लावण्याला आपल्याकडे जो विरोध होतो तो आळसाचा कमी आणि जागेचा जास्त आहे. पट्टा म्हणजे मोजलेली जागा. पाच पट्टे म्हणजे पाच माणसं. सहावा आला की त्याला ‘जागा नाही’ म्हणावं लागतं, आणि आपल्या तोंडून ते निघत नाही. आजही लग्नाहून परतताना ‘अगं ये गं, सरकतो आम्ही’ म्हणणारी मावशी वाईट नसते. ती माझ्या आजीची वारस असते. म्हणून तिला आकडे सांगून उपयोग होत नाही. तिला विचारावं लागतं की सामावून घ्यायचं आणखी कसं करता येईल.

हा प्रश्न या वर्षी आमच्या घरात प्रत्यक्ष उभा राहिला. ताईची मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिचा पाच वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच गणपतीला गावी येणार. जूनमध्ये तिचा मला मेसेज आला. ‘मावशी, दादाच्या गाडीत मागे मधल्या सीटला खांद्यावरून जाणारा पट्टा आहे की नुसता कमरेचा? आणि आयसोफिक्स आहे का?’ दादा म्हणजे माझा पुतण्या. त्याला विचारलं तर त्यालाही माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी टॉर्च घेऊन मागच्या सीटच्या फटीत हात घातला, तर तिथे दोन जाड लोखंडी कड्या होत्या. चार वर्षं गाडी वापरली, त्या फटीतून शेंगदाणे आणि नाणी काढली, पण त्या कशासाठी आहेत हे कुणी विचारलं नव्हतं. हेच ते आयसोफिक्स, मुलांची सीट त्यांत अडकवायची असते.

काका आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. सीटची गोष्ट त्यांच्या कानावर गेली. ‘एवढंसं पोर, त्याला एवढी सीट? मी घेतो मांडीवर.’ पणतवंडाला मांडीवर घेऊन कशेडी उतरायचा, ही त्यांची इच्छा मी समजू शकते. भाचीने फोनवर त्यांना फार सौम्यपणे सांगितलं, ‘आजोबा, तिकडे बाळ झाल्यावर दवाखान्यातून गाडीने घरी न्यायचं तर बेबी सीट लागतेच. बारा वर्षांचा होईपर्यंत किंवा १३५ सेंटीमीटर उंच होईपर्यंत त्याला सीट लागणारच आहे. तुम्ही त्याच्या शेजारी बसा.’ काका गप्प राहिले. मग ताई बोलली. ‘बाबा, माझ्या हनुवटीकडे बघा.’ एवढंच म्हणाली. त्यानंतर त्या दिवशी सीटवर चर्चा झाली नाही.

ती सीट मी हाताळून बघितली आहे. साधी उंच बैठक आणि पाठ. मुलाला उंच बसवलं की पट्टा मानेवरून न जाता खांद्यावरून जातो, आणि पोटावर न बसता कमरेच्या हाडावर बसतो. सगळी युक्ती इतकीच. पण तिच्यामुळे आणखी एक होतं, ज्याचा मला फार आनंद आहे. मूल खिडकीच्या वर येतं. नुसत्या सीटवर बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाला दाराचं प्लास्टिक आणि वरचं थोडं आभाळ दिसतं. उंच बसलं की शेत दिसतं, बैल दिसतो, किलोमीटरचा दगड दिसतो. सुरक्षित मूल आणि बाहेर बघणारं मूल यांत आम्हाला निवड करावी लागते असं मला इतकी वर्षं वाटत होतं. तसं नाही. बाहेर बघणं पट्ट्याने गेलेलं नाही. ते काचेला लावलेल्या जाळीच्या काळ्या पडद्याने गेलं, आणि पुढच्या सीटच्या पाठीला टांगलेल्या टॅबलेटने.

इथे मात्र मला आजच्या आईबाबांशी भांडायचं आहे. मुलाला स्वतःची सीट दिलीत, फार चांगलं केलंत. स्वतःचा टॅबलेट आणि स्वतःचे हेडफोन कशाला दिलेत? मुंबई ते चिपळूण प्रवासात मुलाने एकच कार्टून तिसऱ्यांदा पाहिलं आणि गाडीतल्या कुणाशीच बोललं नाही, असं माझ्यासमोर घडलेलं आहे. वर ‘काही त्रास देत नाही हो’ असं कौतुक. पोलादपूरच्या पुढे ते ओकलं. मान खाली, डोळे पडद्यावर आणि गाडी वळणांवर, दुसरं काय होणार? त्याला दगड लावायला पाठवू नका, पण ‘महाड किती राहिलं’ हे विचारायला काय हरकत आहे? टोलची पावती आता नसते, घाटात गाडी तापत नाही, बोगद्यामुळे कशेडी काही मिनिटांत मागे पडतो, रस्ता फोन सांगतो. म्हणजे मुलांची सगळी कामं यंत्रांनी घेतली आहेत. मग नवी शोधून द्यायला हवीत. एमएच-०८ म्हणजे रत्नागिरी, ०९ कोल्हापूर, ०६ रायगड. माझ्या धाकट्या भावाने पाट्या वाचत असा अख्खा महाराष्ट्र पाठ केला होता. पाण्याच्या बाटल्या कुणाला हव्यात ते मुलाने विचारावं. वडखळला पांढऱ्या कांद्याची माळ घेताना भाव त्याने करावा. आणि मोठ्यांनी त्याच्यासमोर बोलावं, फोनवर नाही, एकमेकांशी. आजोबांचं गाव कसं होतं, जमीन कुणी कसली, भावाभावांत काय झालं. मूल ऐकतंय म्हणून गप्प बसण्याचा काळजीचा जो नवा प्रकार आला आहे, त्याने मुलं घराबाहेर राहतात असं मला मनापासून वाटतं.

भाचीला मी यातलं अर्धं कळवलं आहे. तिने टॅबलेट विमानापुरता ठेवायचं कबूल केलंय. पुतण्याने जाळीचे पडदे काढले, आणि ऊन लागलं तर टोपी घालू म्हणाला.

राहिला माणसांचा हिशेब. पुतण्याची गाडी सात जणांची. यायचे आहेत नऊ. सर्वांत मागच्या छोट्या सीटवर तिघं ‘सहज’ बसतील, अशी सूचना आली, आणि ती सुचवणाऱ्याच्या मनात गैर काही नव्हतं. मुलाला कुणाच्या तरी मांडीवर घेऊ, परत काकांचा क्षीण आवाज. ताईने नाही म्हटलं. जितके पट्टे तितकीच माणसं, असं ती पहिल्यांदा स्पष्ट बोलली, आणि तिच्या घरात ही गोष्ट आता नियम म्हणून राहील असं दिसतंय. आजी असती तर म्हणाली असती, मग उरलेल्यांनी काय करायचं? तिच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते तिच्या काळात नव्हतं. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावतेय. मांडवी एक्स्प्रेसची दोन तिकिटं मी काढली आहेत, माझं आणि वहिनीचं. गणपतीच्या दिवसांतली तिकिटं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण मिळाली. काका गाडीत मधल्या ओळीत, पणतवंडाच्या शेजारी, दोघांनाही पट्टा. किलोमीटरचे दगड वाचून घेण्याचं काम मी काकांवर सोपवलं आहे. मोदकांचं सारण आमच्याबरोबर रेल्वेने येईल, कारण गाडीच्या डिकीत आता सीटचा खोका, औषधांची पेटी आणि मखराचे थर्माकोल टाळून बनवलेले कागदी खांब आहेत. चिपळूण स्टेशनवरून गावापर्यंत एसटी मिळते. ती चुकली तर पुतण्या दुसऱ्या फेरीत आम्हाला न्यायला येणार आहे.